खाली न ठेवता येणारी प्याली

मंडळाच्या मागच्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या रांगेत उभा असताना एका तरुण मित्रानं मला विचारलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं जपानात आहात. बाबांसाठी पुण्याला न्यायला चांगली साके कुठली?" मी एक नाव सांगितलं. त्यानं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि रांग पुढे सरकली. मला मात्र आपण अर्धंच उत्तर दिलं असं वाटत राहिलं. उरलेलं अर्धं उत्तर संपादकांच्या परवानगीनं इथे लिहितो आहे. ते बरंच लांबलं आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

साकेबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक बाटलीपाशी येऊन थांबतं. तांदूळ किती घासला, पाणी कुठल्या झऱ्याचं, यीस्ट कुठलं, थंड प्यायची की कोमट. ही माहिती काही खोटी नसते. दाइगिंजो हे नाव लावायचं तर तांदळाचा दाणा निम्म्यापर्यंत घासून टाकावा लागतो. वाफवलेल्या भातावर कोजी नावाची बुरशी वाढवायची आणि मग एकाच पिंपात पिठूळपणाची साखर आणि साखरेचं मद्य ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवायची, हे कसब थक्क करणारंच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं ते आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा मलाही आनंद झाला. पण ती मान्यता साके करण्याला मिळाली, पिण्याला नव्हे. पिणं हीसुद्धा एक रचना असते. तिला नियम असतात, सौंदर्य असतं, दोष असतात. नाटकाची किंवा गाण्याच्या मैफलीची आपण जशी समीक्षा करतो, तशी पिण्याच्या बैठकीची का करू नये? मी ती करणार आहे, पण एकाच प्रांतापुरती. शिकोकू बेटावरच्या कोचीपुरती.

१९९७ साली मी पहिल्यांदा कोचीला चाललो होतो. तसं घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "मग येताना केळ्याचे वेफर्स आण." हे कोची ते नव्हे, हे समजावण्यात त्या वेळच्या महागड्या फोनची दोन मिनिटं गेली. आपलं हे कोची म्हणजे जुना तोसा प्रांत. पाठीशी डोंगर आणि समोर सरळ प्रशांत महासागर. प्रांताचा चौऱ्यांशी टक्के भाग जंगलाखाली आहे. ओकायामाहून गाडी १९८८ साली झालेल्या सेतोच्या पुलावरून शिकोकूत उतरते आणि मग दऱ्यांमधून, बोगद्यांमधून डोंगर ओलांडते. पूर्वीच्या काळी क्योतोच्या दरबारातून नावडत्या माणसांना इथे हद्दपार करून पाठवत. अशा ठिकाणी पाहुण्याचं अप्रूप वाढतं, हे कोकणातल्या आडगावी राहिलेल्यांना सांगायला नको.

कोचीत मेजवानीला शब्द आहे 'ओक्याकू'. जपानी भाषेत ओक्याकू म्हणजे पाहुणा, एवढंच. कोचीच्या लोकांनी पाहुण्याचंच नाव बैठकीला देऊन टाकलं. आज आमच्याकडे 'पाहुणा आहे' याचा अर्थ आज आमच्याकडे बैठक आहे. मला हा शब्द पहिल्या दिवसापासून आवडला. आपल्या भाषेची गंमत उलटी आहे. आपण म्हणतो, "तो घेतो." काय घेतो ते सांगायचं नाही. कर्म गाळलेलं क्रियापद, पण अर्थ सगळ्यांना कळतो, आणि वाक्य म्हणणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

त्या पहिल्या बैठकीत वीसेक माणसं असतील. ज्या कारखान्याच्या कामासाठी मी गेलो होतो तिथले ज्येष्ठ फोरमन यजमान होते. मी तेव्हा जवळजवळ न पिणारा होतो. का, ते पुढे येईल. बाकीच्या जपानात आपण दुसऱ्याच्या प्यालीत ओततो, दुसरा आपल्या प्यालीत ओततो, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. कोचीत तेवढ्यावर भागत नाही. तिथे आपली रिकामी प्याली घेऊन उठायचं, दुसऱ्यासमोर जाऊन बसायचं, ती प्याली त्याच्या हातात द्यायची आणि भरायची. त्यानं ती रिकामी करून तुम्हालाच परत द्यायची आणि आता त्यानं भरायची. याला म्हणतात हेनपाइ, प्याली परत करणं. एकच प्याली, दोघांचे ओठ. ज्या घरात भांड्याला तोंड लावून पाणी प्यायलं म्हणून मार बसायचा त्या घरातला मी. माझं काय झालं असेल ते वाचकांनीच ताडावं. उष्ट्याचा हा असा सोहळा मी तोवर पाहिला नव्हता.

पण जरा नीट पाहिलं की या रीतीमागची अक्कल दिसते. तुमची प्याली दुसऱ्याकडे आहे तोवर तुमच्याजवळ प्यायला काहीच नसतं. म्हणजे स्वतःच्या जागी बसून, स्वतःच्या तंद्रीत पिता येतच नाही. प्यायचं असेल तर उठून कुणाकडे तरी जावं लागतं, गुडघे टेकावे लागतात, दोन शब्द बोलावे लागतात. कालच रुजू झालेला पोरगा थेट कारखान्याच्या प्रमुखासमोर जाऊन बसतो आणि ते तेवढा वेळ त्याचेच असतात. मान मोठा तसा धोकाही मोठा, कारण लोकांच्या प्याल्या मोठ्या माणसापुढे साचत जातात आणि प्रत्येक प्यालीचा मालक समोर वाट बघत बसलेला असतो. आमच्या प्रमुखांपुढे एका वेळी सात प्याल्या मी मोजल्या. एरवी बढती, वय आणि झुकण्याचा कोन यांत जखडलेल्या समाजानं तीन तासांसाठी शोधलेली ही समता आहे. माणसानं एकटं पिऊ नये हा विचार कुणी भाषण करून सांगितलेला नाही. तो रीतीतच विणलेला आहे. रचना म्हणून मी हेनपाइला फार वरची जागा देतो.

मग खेळ सुरू होतात. किकु नो हाना, म्हणजे शेवंतीचं फूल. तबकात प्याल्या पालथ्या घातलेल्या, एकीखाली फूल लपवलेलं. एकेकानं एकेक प्याली उलटायची. ज्याला फूल सापडेल त्यानं तोवर उघडलेल्या सगळ्या प्याल्या भरून प्यायच्या. हाशिकेनमध्ये दोघांनी समोरासमोर बसून लाल काड्या मुठीत लपवायच्या आणि आरोळ्या ठोकत बेरीज ओळखायची. हरला तो पितो. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे बेकुहाइ. तीन प्याल्या, तिन्ही मुखवट्यांच्या आकाराच्या. ओकामे ही गोबऱ्या गालांची बाई, तिची प्याली लहान आणि गरीब. ह्योत्तोको हा तोंडाचा चंबू केलेला विदूषक, त्याच्या तोंडाला आरपार भोक. तिथे बोट दाबून धरल्याशिवाय त्यात ओतताच येत नाही. आणि तेंगू, लांब नाकाचा डोंगरातला भूत. त्याची प्याली सगळ्यांत मोठी, आणि नाकामुळे ती उभी राहत नाही. भोवरा फिरवायचा. तो पडल्यावर वर जे चित्र येईल ती प्याली, आणि टोक ज्याच्याकडे असेल तो पिणारा. नावातही कोटी आहे. 'बेकु' हे अक्षर चिनी धाटणीच्या मजकुरात नेहमी क्रियापदाच्या आधी, म्हणजे वर येतं, खाली कधी येत नाही. तेव्हा बेकुहाइ म्हणजे खाली न ठेवता येणारी प्याली.

हा शब्द मला कळला तेव्हा मी मनापासून हसलो होतो. पुढच्या काही वर्षांत मी बऱ्याच ओक्याकूंना बसलो, आणि हळूहळू एक गोष्ट खटकायला लागली. या सगळ्या खेळांत पिणं ही शिक्षा आहे. हरणाऱ्यानं प्यायचं. ज्या पेयाचं एरवी इतकं कौतुक, ते खेळात येताच दंड कसं होतं? मला वाटतं, कोचीच्या लोकांना प्यालीचं वजन पक्कं ठाऊक आहे. ते त्यांनी खेळातच कबूल करून ठेवलं आहे, फक्त हसत हसत. आणि एकदा ते दिसलं की हेनपाइसुद्धा वेगळं दिसू लागतं. एकटं पिता येऊ नये म्हणून केलेला नियम आणि नको म्हणता येऊ नये म्हणून केलेला नियम हे दोन नियम नाहीत. तो एकच आहे.

पण त्याकडे वळण्याआधी जेवणाबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर कोचीवर अन्याय होईल. ओक्याकूचं जेवण म्हणजे सावाची. हात पसरून उचलावी लागतील अशी मोठी चिनीमातीची ताटं. त्यांत पेंढ्याच्या जाळावर वरवर भाजलेला कात्सुओ मासा जाड कापून, त्यावर लसूण. शेजारी साशिमी, आख्ख्या माशाची सुशी, तळण, कडधान्यं, फळं, आणि त्याच ताटात गोडाची वडीसुद्धा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लग्नाच्या पंगतीतली सगळी पानं कुणी एकत्र ओतली की काय असं वाटलं. पण यजमानांच्या पत्नीनं कारण सांगितलं ते असं, की सगळं एकदाच मांडून ठेवलं म्हणजे घरातल्या बाईला आत-बाहेर करावं लागत नाही, तिलाही बसता येतं, पिता येतं. आणि त्या बसल्या होत्याच. हाशिकेनमध्ये त्यांनी दोन इंजिनियरांना हरवलं.

आपल्या निशिकासाईतल्या किंवा ओसाकातल्या घरगुती बैठका आठवून पाहा. बाहेरच्या खोलीत पुरुष, व्हिस्की आणि क्रिकेट. आत बायका, गरम गरम भजी आणि पेंगुळलेली मुलं. मधल्या दारातून फक्त बशा ये-जा करतात. मी या बैठकांना तीस वर्षं जातो आहे आणि बशी पुढे करणाऱ्या हाताकडे न पाहता भजी उचललेली आहेत. सावाचीचं ते ताट मला त्या अर्थानं कुठल्याही दाइगिंजोपेक्षा मोठी निर्मिती वाटते.

कोचीची साके त्या ताटाला साजेशीच असते. कोरडी, स्वच्छ, जिभेवर न रेंगाळणारी. पुन्हा पुन्हा ओतली जाणारी साके गोड आणि जड असून कसं चालेल? अलीकडे प्रांताच्या संशोधन केंद्रानं तयार केलेल्या सीईएल-२४ या यीस्टपासून अननसाच्या वासाची, चक्क गोड साके निघते आणि बाहेरगावचे शौकीन ती शोधत येतात. चवीला ती छान आहे. पण ती एका ग्लासात, एकट्यानं, डोळे मिटून घ्यायची साके आहे. ओक्याकूत ती परक्यासारखी दिसते.

आता साहित्याकडे येतो. तोसाच्या पिण्याचं सर्वांत जुनं आणि माझ्या मते अजूनही सर्वांत खरं वर्णन एक हजार वर्षांहून जुनं आहे. 'कोकिनशू' या काव्यसंग्रहाच्या संपादकांपैकी एक, कवी कि नो त्सुरायुकी, तोसाचा सुभेदार होता. मुदत संपवून तो ९३४ च्या अखेरीस राजधानीकडे निघाला. त्या पंचावन्न दिवसांच्या प्रवासाची 'तोसा निक्की' ही रोजनिशी त्यानं एका स्त्रीच्या नावानं, स्त्रियांच्या मानल्या गेलेल्या काना लिपीत लिहिली. सुरुवातीचे दिवस निरोपाच्या मेजवान्यांत जातात. वरचे, मधले, खालचे सगळे झिंगलेले. पोरंसुद्धा. ज्यांना 'एक' हा आकडा लिहिता येत नाही ते अडखळत्या पायांनी जमिनीवर 'दहा'चं अक्षर काढताहेत, असा एक विनोद आहे. जपानी लिपीत दहा म्हणजे फुलीसारखी खूण. कोचीची पर्यटन-पत्रकं हा भाग हमखास सांगतात, आमची परंपरा हजार वर्षांची म्हणून.

पत्रकं तिथे थांबतात. रोजनिशी थांबत नाही. चार-पाच दिवसांतच नाव निघायची वेळ येते आणि कळतं की राजधानीत जन्मलेली त्यांची लहान मुलगी या प्रांतात वारली आहे. सगळे घरी निघाले आहेत, ती नाही. निघण्याच्या धामधुमीत आईबापांच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि तिथे एक नावाडी आहे. त्यानं स्वतःपुरती भरपूर ढोसली आहे, भरती आली, वारा सुटेल, चला चला म्हणून तो घाई करतो आहे. त्याला समोरच्यांचं दुःख दिसतच नाही. त्सुरायुकी त्याच्यावर टीका करत नाही, एका वाक्यात पुढे जातो. पण दारूनं माणसं जवळ येतात हे दाखवणाऱ्या पानांना लागूनच, दारूनं माणूस शेजारच्याला पाहीनासा होतो हे त्यानं लिहून ठेवलं. दोन्ही मिळून तोसाचं पिणं होतं. निम्मं उचलायचं आणि निम्मं समुद्रात सोडायचं, ही वाचनातली लबाडी आहे.

हीच लबाडी पुढच्या इतिहासातही चालते. तोसाचा पंधरावा सरदार यामाउची योदो (१८२७–१८७२) स्वतःला 'देवमाशांच्या सागराचा झिंगलेला सरदार' म्हणवत असे. आज त्यावरून एका नामांकित साकेचं नावही आहे, सुइगेइ, झिंगलेला देवमासा. १८६७ मध्ये शोगुननं सत्ता सोडावी हा प्रस्ताव मांडणारा हा मुत्सद्दी पंचेचाळिशीच्या आत गेला. बाटलीवरच्या मजकुरात त्याचा रुबाब असतो, वय नसतं. आकाओका गावात दर एप्रिलमध्ये दोरोमे उत्सव भरतो. समुद्रकिनाऱ्यावर स्पर्धा होते, पुरुषांनी एक शो, म्हणजे १.८ लिटर, आणि बायकांनी त्याच्या निम्मी साके एका दमात संपवायची. मी ती एकदा पाहिली. टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा गेलो नाही.

याउलट साकावा गावचा माणूस पत्रकांत असतो, पण वेगळ्या पानावर. साकावात १६०३ पासून चालत आलेला त्सुकासाबोतान हा साकेचा कारखाना आहे. त्याच गावात १८६२ साली दुसऱ्या एका साकेवाल्याच्या घरात माकिनो तोमितारो जन्मला. मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, दीड हजारांहून अधिक वनस्पतींना त्यानं नावं दिली, घरचा धंदा मात्र त्याच्या छंदापायी बुडाला. हा गृहस्थ साके पीत नसे. ९४ वर्षं जगला. जपानी लोकांत दहापैकी साधारण चौघांच्या शरीरात मद्य पचवणारं एक विकर नीट काम करत नाही. चेहरा लाल होतो, छाती धडधडते. म्हणजे प्रत्येक ओक्याकूत वीसांपैकी सातआठ जण तरी असे असणार. त्यांच्यापुढे भोवऱ्याचं टोक येतं तेव्हा काय होतं, हे कुणी लिहीत नाही.

माझ्या मामाबद्दल आता लिहितो. तो गिरगावात राहायचा, एका कचेरीत कारकून होता, पेटी सुंदर वाजवायचा. आणि घ्यायचा. गुत्त्यात उभ्यानं, घाईघाईनं, एकटा. घरी मागच्या जिन्यानं यायचा. कुणी काही बोलत नसे. आजी दार उघडून बाजूला व्हायची. १९८६ मध्ये तो गेला, तेव्हा सगळ्यांना 'कावीळ झाली होती' असं सांगण्यात आलं, आणि मी ते कित्येक वर्षं खरं मानलं. मी पीत नसे त्याचं कारण तत्त्व नव्हतं, भीती होती. कोचीत त्या पहिल्या रात्री फोरमनसाहेबांची प्याली मी हातात घेतली तेव्हा मनात आलं होतं की मामाला अशी बैठक मिळाली असती तर तो जगला असता. कित्येक वर्षं माझं तेच मत होतं.

२००९ साली कामानिमित्त पुन्हा कोचीला गेलो तर ओक्याकूत फोरमनसाहेब नव्हते. कुणी काही बोलेना. ती शांतता मला चांगली ओळखीची होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी स्वतःच सांगितलं, अगदी सरळ, "मी दानशुकाइला जातो." दानशुकाइ म्हणजे दारू सोडलेल्यांचं मंडळ. जपानभर त्याच्या शाखा आहेत. आणि याचं मूळ कुठलं, तर कोचीचं. मात्सुमुरा हारुशिगे या स्वतः व्यसनातून उठलेल्या माणसानं १९५८ साली कोचीत असं मंडळ काढलं. १९६३ मध्ये त्यातून आणि तोक्योच्या मंडळातून अखिल जपान संघटना उभी राहिली, आणि मात्सुमुरा तिचे पहिले अध्यक्ष झाले. बाहेर पिण्यावरच्या खर्चाच्या सरकारी आकडेवारीत जे शहर वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांवर असतं, त्याच शहरानं ही दुसरी बैठकही देशाला दिली. पर्यटन-पत्रकात हे मला एकदाही आढळलेलं नाही.

फोरमनसाहेब मला एका सभेला घेऊन गेले. तिथे काय बोललं गेलं ते लिहिणार नाही, पण बैठक कशी होती ते लिहितो. अमेरिकन पद्धतीच्या मंडळांत नाव सांगत नाहीत, इथे प्रत्येकजण पूर्ण नाव सांगतो. घरची माणसं शेजारी बसतात आणि तीही बोलतात. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग पुढच्यानं. प्रमुख नाही, पोरगा नाही. फोरमनसाहेबांच्या पत्नी, त्याच, हाशिकेनमध्ये इंजिनियरांना हरवणाऱ्या, दहा मिनिटं बोलल्या. गोल फिरत जाणारी ती पाळी पाहताना मला राहून राहून हेनपाइच आठवत होतं. फक्त प्याली नव्हती.

तेव्हा माझा निवाडा असा, की ओक्याकू ही मोठी रचना आहे आणि तिच्यात एक गंभीर दोष आहे. जो तिचा सर्वांत रंगतदार यजमान होता त्यालाच ती एके दिवशी आत घेऊ शकली नाही. चहाची प्याली घेऊन त्याला तिथे बसता यावं, अशी एकही फट त्या नियमांत नव्हती. नियम बदलत नाहीत असं नाही. २०२० च्या साथीत एकाच प्यालीला दोघांनी ओठ लावणं थांबलं, आणि गेल्या वर्षी गेलो तेव्हा तरुण मंडळी आपापली प्याली धरूनच एकमेकांपुढे जाऊन बसत होती. दोघाजणांच्या प्यालीत ऊलाँग चहा होता. जुन्यांना ते मिळमिळीत वाटलं. मला गप्पा तेवढ्याच मोठ्यानं ऐकू आल्या. दर मार्चमध्ये कोचीच्या बाजारपेठेत रस्त्यावर तातामी अंथरून आख्ख्या गावाचा ओक्याकू भरतो. ज्यांना जमेल त्यांनी जाऊन यावं. सावाचीसाठी तरी नक्कीच.

बेकुहाइचा एक जुना संच आता माझ्याकडे आहे. फोरमनसाहेबांनी दिला, घरात ठेवायचा नाही म्हणून.

तो तरुण मित्र मागच्या महिन्यात पुण्याहून परत आला. साके कशी वाटली बाबांना, म्हणून विचारलं. "खूप आवडली," तो म्हणाला. "रोज रात्री गच्चीत थोडी थोडी घेतात. आईला चालत नाही ना, म्हणून एकटेच बसतात."